दात राखावेत मापाने, बसवावेतही मापानेच



मागच्या गळीत हंगामात वजनकाट्यावर घडलेली साधी गोष्ट. आपले एक ज्येष्ठ सभासद उसाच्या गाडीबरोबर आले होते. त्यांचे नाव आम्ही सांगत नाही, कारण ते हे पान वाचतात. कुणीतरी सोललेले उसाचे कांडे पुढे केले. त्यांनी नुसती मान हलवली. चिटबॉय म्हणाला, "तात्या, औंदा कवळी बसवली ना तुम्ही? मग घ्या की."

"बसवलीय रे. खिशात हाय."

सगळे हसले. तात्याही हसले, पण उपरण्याचे टोक तोंडावर धरून.

नंतर आम्ही चौकशी केली. दोन वर्षे तात्या भाकरी दुधात कुस्करून खात होते. लग्नाच्या पंगतीला जाणे त्यांनी सोडले होते. सर्वसाधारण सभेत उठून बोलणारा हा माणूस दोन सभा गप्प बसून होता. ऐन उमेदीच्या उसाला पाणी तोडावे तसे हे झाले. त्याच घरात त्यांच्या सोळा वर्षांच्या नातवाचा पुढचा दात जत्रेच्या कबड्डीत गेला. एका घरातल्या या दोन गोष्टींवरून आजचा पाठ लिहीत आहोत.

निडवा नसलेले पीक

दुधाचे दात वीस आणि पक्के दात बत्तीस. दुधाचे दात ही लागण समजली तर पक्के दात हा खोडवा. त्यापुढे निडवा नाही. दातावरचे पांढरे कवच शरीरातील सर्वांत कठीण वस्तू आहे, पण एकदा झिजले, फुटले की ते पुन्हा येत नाही. म्हणून पहिला धडा राखण्याचा.

साखर कारखान्याच्या अंकात लिहिताना संकोच वाटतो, पण खरे ते सांगितले पाहिजे. दिवसभर थोडे थोडे गोड तोंडात फिरत राहिले की दात किडतात. चहा दिवसातून आठ वेळा, तोही गोड, असे असेल तर साखरेचा दोष नाही, आपला आहे. जेवणाबरोबर गोड खावे, मागून चूळ भरावी, रात्री ब्रश करून झोपावे. आणि मिश्री सोडावी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात घट्ट होत नाहीत. हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. आमच्या माता-भगिनींना हे विशेष सांगणे आहे.

खेळणाऱ्या पोरांसाठी

शेतातली पोरे कबड्डी खेळतात, तालमीत उतरतात. कोपर, गुडघा, समोरच्याचे डोके, यांतले काहीही दातांवर बसते. यासाठी तोंडात घालायचे रबरासारखे कवच मिळते, त्याला माउथगार्ड म्हणतात. १८९० च्या सुमारास लंडनच्या वुल्फ क्राउज या दंतवैद्यांनी मुष्टियोद्ध्यांसाठी गटापर्चाच्या पट्ट्या वापरल्या, तिथून ही कल्पना पुढे आली. अमेरिकेत शाळांच्या फुटबॉलमध्ये १९६२ साली ते सक्तीचे झाले. आपल्या जत्रेच्या मैदानात सक्ती कोणी करत नाही. ती घरच्यांनी करायची.

माउथगार्ड तीन तऱ्हेचे असतात.

१) दुकानातले तयार. सर्वांना एकच माप. ते सैल बसते, दात आवळून धरावे लागते, बोलता येत नाही, श्वास अडतो. पोरगा दुसऱ्या दिवशी ते फेकून देतो.

२) गरम पाण्यात मऊ करून तोंडात चावून बसवायचे. पहिल्यापेक्षा बरे, पण चावताना कुठे जाड राहते, कुठे फार पातळ होते.

३) दंतवैद्याने मापावर केलेले. दातांचा ठसा घेऊन प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर तीन-चार मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा गरम करून ओढून बसवतात. ते वरच्या दातांवर घट्ट बसते. खेळाडूला 'कबड्डी कबड्डी' म्हणता येते. मार बसला तर तो एका दातावर न येता सगळीकडे विभागतो.

वापरून झाल्यावर गार पाण्याने धुवावे आणि भोके असलेल्या डबीत ठेवावे. उन्हात तापलेल्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये, आकार बिघडतो. वाढत्या वयाच्या मुलाला ते बदलून घ्यावे लागते.

दात मुळासकट निखळला तर

तात्यांच्या नातवाचा दात मैदानातच सापडला होता. तो रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे नेला. तोवर वेळ निघून गेली होती. हे कापून ठेवावे असे चार नियम आहेत.

दात पांढऱ्या बाजूने उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दहा-एक सेकंद स्वच्छ गार पाण्यात किंवा दुधात खळबळावा, घासू नये. मुलगा शुद्धीवर असेल तर दात त्याच खाचेत सरळ बसवून रुमाल चावायला द्यावा. जमत नसेल तर दात दुधात टाकावा आणि ताबडतोब दंतवैद्याकडे पळावे. पहिला अर्धा तास सोन्याचा. तासाभराने मुळावरच्या जिवंत पेशी बहुतेक मेलेल्या असतात. गोठा आपल्या दारात आहे, दुधाची वाण नाही. फक्त दुधाचा दात पडला असेल तर तो पुन्हा बसवायचा नसतो.

दात गेल्यावर हाडाचे काय होते

बांधावरचे झाड मुळासकट काढले की मुळांनी धरलेली माती पावसात वाहून जाते. जबड्याचेही तसेच. दात काढला की त्याला धरून असलेले हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त झिजते, पुढे हळूहळू. कवळी वापरणाऱ्यांवर पंचवीस वर्षे केलेला एक अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खालचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेले आढळले. खालची कवळी नेहमी त्रास का देते, याचे अर्धे उत्तर यात आहे. दुसरे अर्धे असे की वरची कवळी टाळूला लाळेच्या पातळ थराने चिकटते. खालच्या कवळीला टाळू नाही आणि मध्ये जीभ वळवळत असते.

म्हणून दोन-चार दात पक्के असतील तर "सगळेच काढून टाका" असे म्हणू नये. त्यांच्या आधाराने अर्धी कवळी किंवा ब्रिज करता येतो. हाड बरे असेल तर खालच्या जबड्यात धातूचे दोन खुंट रोवून त्यावर कवळी अडकवता येते. हे खुंट टायटॅनियमचे असतात. स्वीडनमध्ये १९६५ साली ते पहिल्यांदा माणसाला बसवले. ते महाग पडतात हे खरे. वाढत्या वयाच्या मुलाला मात्र खुंट बसवत नाहीत, जबड्याची वाढ पुरी व्हावी लागते. म्हणून तात्यांच्या नातवाला सध्या काढता-घालता येणारा एक दात करून दिला आहे, आणि आता खेळताना माउथगार्डही.

मापाची कवळी कशी तयार होते

तात्यांची चूक इथेच झाली. दात काढल्याला पंधरा दिवस झाले नव्हते, जखम ओली होती, आणि एका फिरत्या माणसाकडून त्यांनी एका बैठकीत कवळी करून घेतली. पुढे हिरडी बसली, कवळी तशीच राहिली. मापाचे नसलेले जू बैलाचा खांदा सोलते. कवळीही हिरडीला तेच करते.

नीट कवळीला चार-पाच हेलपाटे लागतात. आधी जखम भरू द्यायची, ती सहा ते आठ आठवडे किंवा थोडी अधिक. मग समुद्री शेवाळापासून केलेल्या पदार्थात हिरडीचा ठसा घेतात. पुढच्या खेपेला मेणाच्या कडा तोंडात ठेवून वरचा-खालचा जबडा कुठे मिळतो ते पाहतात. त्यानंतर मेणात दात मांडून तोंडात घालून दाखवतात. त्या वेळी घरचे माणूस बरोबर न्यावे, चेहरा पसंत करावा, बोलून पाहावे. ते ठीक झाल्यावरच अॅक्रिलिकमध्ये पक्की कवळी होते. जो एका दिवसात सगळे करून देतो, त्याला विचारावे की माप कधी घेतले.

आणखी एक धोका. बाजारात काही जण झटपट वाळणाऱ्या प्लास्टिकने खोटा दात शेजारच्या दातांना कायमचा चिकटवून देतात. त्याखाली अन्न कुजते आणि चांगले दातही हलू लागतात. पदवी आणि दंत परिषदेची नोंदणी पाहूनच तोंड उघडावे.

पहिला महिना आणि पुढची निगा

नवी कवळी म्हणजे नवा बैल, लगेच जुंपत नाही. लाळ सुटते, शब्द अडखळतात. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. आधी मऊ भात, खिचडी, मग आमटीत भिजवलेली भाकरी. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावावे. एकाच बाजूने चावले तर दुसरी बाजू उचलते. कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या चौथाईच्या आसपास असतो, हे आधीच मनाशी धरावे म्हणजे निराशा होत नाही. कुठे टोचले तर घरी कानशीने घासू नये. जाण्याआधी एक दिवस कवळी घालून राहावे, म्हणजे डाग पाहून दंतवैद्य नेमके तिथेच घासतो.

रोज मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवावी. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे, हातून निसटली तर फुटत नाही. उकळत्या पाण्यात टाकू नये, वाकडी होते. रात्री काढून पाण्यात ठेवावी. रात्रंदिवस घातली तर टाळूला बुरशीची लाली येते. वर्षातून एकदा दाखवावी. हाड झिजले की आतून नवा थर देता येतो, आणि पाच-सात वर्षांनी बहुधा नवीच करावी लागते. तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर थांबू नये, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी.

कुठे जावे

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. प्रवरेचा सहकारी कारखाना जिथे उभा राहिला, त्या परिसरात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. सहकारातून काय उभे राहू शकते, याचा तो दाखला. महाविद्यालयात विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक तपासतात. वेळ जास्त जातो, खर्च बहुधा कमी येतो. गळीत संपल्यावर, लागणीच्या आधी जो मोकळा काळ मिळतो, तो या हेलपाट्यांसाठी राखून ठेवावा.

तात्यांनी तसेच केले. पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला ते म्हणाले, "एवढ्यात तर उसाला पाच पाळ्या पाणी झालं असतं." पण परवा गट ऑफिसात आले ते भाकरी-ठेचा खाऊन. उपरणे खांद्यावर होते, तोंडावर नव्हते. उसाचे कांडे मात्र अजून चालत नाही, आणि चालणारही नाही. रस चालतो. येत्या सभेत त्यांना पाणीपट्टीवर बोलायचे आहे, असे त्यांनी आत्ताच कळवले आहे.