रोग्याची ओळख

लंडनच्या टेट चित्रसंग्रहांत 'डॉक्टर' ह्या नांवाचें एक भव्य तैलचित्र आहे. ल्यूक फाइल्ड्स ह्या चित्रकारानें तें १८९१ सालीं पुरें केलें. गरिबाची झोपडी, दोन खुर्च्या जोडून त्यांवर निजविलेलें आजारी मूल, मागें टेबलावर डोकें टेकलेली आई, तिच्या खांद्यावर बापाचा हात, आणि पुढें, हनुवटी हातांत धरून मुलाकडे एकटक पाहत बसलेला डॉक्टर. खिडकींतून पहांट डोकावते आहे. म्हणजे रात्र त्यानें तेथेंच काढली. चित्रकाराचा स्वतःचा मुलगा १८७७ सालीं वारला होता. त्या वेळच्या डॉक्टराची निष्ठा तो विसरला नव्हता.

विद्यार्थिमित्रांनीं मात्र ह्या चित्रावर भाळून जाऊं नये. त्या डॉक्टरापाशीं जवळ बसण्याखेरीज फारसा उपायही नव्हता. पेनिसिलिन सांपडलें तें १९२८ सालीं. आज तेंच मूल मोठ्या रुग्णालयांत नेल्यास वांचण्याचा संभव पुष्कळ अधिक. परंतु तेथें छातीचा फोटो एक जण काढील, रक्त दुसरा तपाशील, औषध तिसरा लिहून देईल, आणि मुलाचें नांव कागद पाहिल्यावांचून तिघांपैकीं कोणासही सांगतां येणार नाहीं. विद्या वाढली म्हणून तिची वांटणी झाली, आणि वांटणींत ओळख हरवली. ह्यांत डॉक्टरांच्या मनाचा कोरडेपणा शोधणें अन्यायाचें होईल.

'ओळख गेली तर गेली, रोग बरा झाला म्हणजे झालें,' असें कोणी म्हणेल. नॉर्वे देशांत २००१ सालापासून प्रत्येकास आपला ठराविक डॉक्टर निवडतां येतो. तेथील सुमारें ४५ लक्ष लोकांची पाहणी २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. एकाच डॉक्टराशीं १५ वर्षांहून अधिक संबंध असलेल्यांत, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या मानानें, तांतडीनें रुग्णालयांत दाखल होण्याचें प्रमाण सुमारें २८ टक्क्यांनीं व मृत्यूचें सुमारें २५ टक्क्यांनीं कमी आढळलें. केवळ ओळखीनेंच आयुष्य वाढतें असें ह्यावरून सिद्ध होत नाहीं. पण ओळखीचीं वर्षें वाढलीं तसतसे हे आंकडे उतरत गेले, हें विचार करण्याजोगें आहे. जुन्या डॉक्टरास ठाऊक असतें कीं, अमुक आजीबाई दुखणें अंगावर काढणाऱ्या. त्या आपण होऊन आल्या म्हणजे प्रकरण साधें नाहीं. ही गोष्ट कोणत्याही यंत्रांत उमटत नाहीं.

अशी ओळख होण्यास वेळ हवा. २०१७ सालीं ६७ देशांतील माहिती एकत्र केली गेली, तेव्हां डॉक्टराच्या भेटीचा सरासरी काळ स्वीडनमध्यें साडेबावीस मिनिटें, तर बांगलादेशांत ४८ सेकंद निघाला. जगांतील सुमारें निम्मी वस्ती अशा देशांत राहते, जेथें ही भेट पांच मिनिटांची किंवा त्याहूनही कमी असते. आपला देश त्यांतच मोडतो. तेवढ्यांत आजीबाई पदर सांवरून स्टुलावर बसतात, 'तसें विशेष कांहीं नाहीं, डॉक्टर,' एवढें म्हणतात, आणि पुढच्या रोग्याचा नंबर पुकारला जातो.