जीनचा रिपोर्ट, महागड्या कॅप्सूल आणि पायांच्या मुंग्या

गेल्या महिन्यात चांदीपला महिला मंडळाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. पिशवीतून त्यांनी चार पानी रिपोर्ट काढला, सोबत कॅप्सूलची बाटली. पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो म्हणून मुलाने कुणा एजंटकडून लाळेची तपासणी करवली होती. 'एमटीएचएफआर' नावाच्या जीनमध्ये फरक आहे, त्यावर रोज अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्या, असे त्यात छापलेले. ताईंनी विचारले, "सिस्टर, माझ्या रक्तातच खोट आहे का?"

रक्तात खोट! हा शब्द आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला. म्हणून आधी स्पष्ट सांगते, ही खोट नाही. जगभर सगळ्या समाजांतल्या कोट्यवधी लोकांत हा फरक आढळतो आणि बहुतेकांना त्याचा कधी त्रासही होत नाही.

हा जीन करतो काय? हिरव्या पालेभाज्यांत, डाळींत फोलेट नावाचे जीवनसत्त्व असते. ते शरीराला वापरता येईल अशा रूपात आणणारे एन्झाइम या जीनच्या सूचनेवरून बनते. मग फोलेट आणि बी-१२ मिळून शरीरातले 'मिथिलेशन'चे काम चालवतात. रक्तपेशी, नसा, गर्भाची वाढ, सगळे त्यावर अवलंबून. आईबाप दोघांकडून हा फरक आला तर ते एन्झाइम बरेच मंद चालते. पण वस्तीतल्या नळासारखे समजा. नळ बारीक असला तरी टाकीत पाणी असेल तर हंडा भरतो. टाकीच रिकामी असेल तर नळाकडे बघत बसून काय उपयोग? अँटिऑक्सिडंट म्हणजे तर नळाला रंग देणे. क आणि ई जीवनसत्त्वे चांगलीच, पण या जीनचे काम ती करत नाहीत.

आपल्याकडे टाकी कशाने रिकामी आहे, हे पुण्याला पाहिले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष तपासले. ते निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघाले, मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. फोलेटची कमतरता त्यामानाने किरकोळ होती. नेहमी मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी माणसांना बी-१२ कमी असण्याचा धोका ४.४ पट होता. आपल्या ज्या ताटाला नावे ठेवली गेली, त्याच ताटात बी-१२ होते. सुकट, बोंबील, शिंपल्या, कलेजी, अंडी यांत ते असते. दुधातही थोडे असते. भाजीत नसते. वर्षावासात तीन महिने मांस-मासे सोडणाऱ्या घरांनी दूध-दही ठेवावे, वर्षभर सोडलेल्यांनी रक्त तपासून घ्यावे.

आता त्या कॅप्सूल. "फायदा नाही तर नाही, नुकसान तरी काय?" असे पुष्कळजण म्हणतात. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. हे १९९४ साली जाहीर झाले. २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाची ४०० युनिटची रोजची गोळी घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त दिसला. गाजर खायला कुणाची ना नाही. बिडी ओढणाऱ्याने मात्र अशी कॅप्सूल मनाने घेऊ नये.

गरोदर बहिणींसाठी वेगळे सांगते. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणारा जबर पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. तीच गोळी आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि ती आपण माळ्यावर टाकून देतो! बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया पहिल्या महिन्यातच पडतो, म्हणून मूल हवे असेल तर आधीपासूनच डॉक्टरांना विचारून सुरू करा. जीनमध्ये फरक असला तरी साधे फॉलिक अ‍ॅसिड चालते, महागडे 'मिथाइल' नको. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिकची लाल गोळी १८० दिवस.

एक सावधगिरी. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर पंडुरोग सुधारतो, पण नसांची हानी आतून चालूच राहते.

त्या ताईंना मी एवढेच विचारले, "साखरेची गोळी कोणती घेता?" मेटफॉर्मिन, सहा वर्षे. या गोळीने बी-१२ कमी होऊ शकते, म्हणून मुंग्या येत असतील तर ती तपासणी मागून घ्या. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ताईंचे बी-१२ फारच खाली निघाले. डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली. मुंग्या कमी झाल्यात, तोल अजून पुरता सावरलेला नाही. नसांचे दुखणे उशिरा कळले की असे होते.