जुना ट्रक घेताना डिझेलचा हिशेब

शेतमाल वाहतुकीसाठी जुना ट्रक घेताना केवळ किमतीकडे पाहू नका. वर्षाला ३०,००० किलोमीटर धाव असल्यास, लिटरला ५ किलोमीटर चालणाऱ्या ट्रकला ६,००० लिटर डिझेल लागते. ४ किलोमीटर चालणाऱ्यास ७,५०० लिटर. लिटरला ९० रुपये धरल्यास फरक १,३५,००० रुपये होतो. म्हणजे लाखभर स्वस्त मिळालेला ट्रक पहिल्याच वर्षी महाग पडतो.

म्हणून सौद्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी. नेहमीएवढा माल घालून १०० किलोमीटरची फेरी मारावी व त्याच पंपावर टाकी पुन्हा भरावी. अंतराला लागलेल्या लिटरने भागावे. काळा धूर दिसल्यास एअर फिल्टर व नोझल तपासावेत. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. एखादेच चाक जास्त तापल्यास ब्रेक धरत असण्याचा संभव असतो. दुरुस्तीचा खर्च वजा करूनच किंमत ठरवावी.