काउंटीची पारख

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राज्याच्या खालोखालच्या प्रशासकीय विभागास 'काउंटी' म्हणतात. आपल्याकडील जिल्ह्याशी तिची साधारण तुलना करता येईल. मात्र पश्चिमेकडील कित्येक काउंट्यांची लोकसंख्या आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याएवढीच असते. नवी जमीन घेऊन तीवर घर बांधू व शेती करू इच्छिणाऱ्या कुटुंबास अशी काउंटी मानवेल किंवा नाही हे कसे ठरवावे, ह्याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

२० मे १८६२ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. ह्या कायद्याने कोणाही कुटुंबप्रमुखास नाममात्र शुल्कात १६० एकर सरकारी जमीन मिळू शके. अट एवढीच की, त्याने तेथे पाच वर्षे राहावे, घर बांधावे व जमीन कसावी. अशा रीतीने पुढे सुमारे २७ कोटी एकर जमीन खाजगी मालकीची झाली. त्यांतील बरीचशी जमीन मूळ रहिवासी जमातींकडून तहाने वा बळाने घेतलेली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात १६० एकर एका कुटुंबास पुरून उरत. परंतु कायद्याने जमीन मोजली, पाऊस मोजला नाही. ह्या एका उणिवेचे परिणाम किती दूरवर पोहोचले, हे ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम टोकावरील सिमरॉन काउंटीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

तव्याच्या दांड्यासारख्या चिंचोळ्या पट्ट्याच्या अखेरीस ही काउंटी वसली आहे. १८५० ते १८९० ह्या काळात हा पट्टा कोणत्याच राज्यात मोडत नव्हता. १८९० नंतर तो होमस्टेडसाठी खुला झाला आणि १९०७ साली ओक्लाहोमास राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा सिमरॉन काउंटी अस्तित्वात आली.

पहिली कसोटी पावसाची. स्थूलमानाने १०० अंश पश्चिम रेखांशाच्या पलीकडे वार्षिक पाऊस ५० सेंटिमीटरपेक्षा कमी पडतो. भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ सालच्या आपल्या अहवालात असा इशारा दिला होता की, अशा कोरड्या मुलखात केवळ पावसाच्या भरवशावर शेती करणे धोक्याचे आहे. सिंचनाखालील शेतास ८० एकर पुरतील, पण गुरे पाळणाऱ्यास २,५६० एकर लागतील, असा त्यांचा हिशेब होता. ह्याच सुमारास काही उत्साही प्रचारक मात्र 'नांगर पुढे जाईल तसा पाऊस त्याच्या मागोमाग येईल' असे सांगत फिरत होते. लोकांस हे दुसरे मत अधिक रुचले. सिमरॉन काउंटी ह्या रेखांशाच्या बरीच पश्चिमेस आहे. येथील सरासरी पाऊस ४० ते ४५ सेंटिमीटर. सरासरी म्हणजे चांगल्या व वाईट वर्षांची बेरीज-भागाकार होय. कुटुंबास मात्र प्रत्येक वर्ष स्वतंत्रपणे काढावे लागते. म्हणून सरासरी विचारण्याऐवजी सर्वांत कोरड्या लागोपाठच्या तीन-चार वर्षांत काय घडले, हे विचारणे शहाणपणाचे. माणदेशातील शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

दुसरी कसोटी जमिनीची. येथे मूळचे आखूड गवत उगवते. त्याच्या मुळांची घट्ट जाळी माती धरून ठेवते आणि कोरड्या वर्षांतही सुटत नाही. जे गवत गुरांस पोसते ते उपटून गहू पेरला, तर पाऊस असेपर्यंत पीक उत्तम येते. पाऊस हटला की उघडी माती वाऱ्याच्या स्वाधीन होते. गवत हे जमिनीने स्वतःविषयी दिलेले प्रमाणपत्र असते. नवागताने ते आधी वाचावे.

तिसरी कसोटी पाणी, सरपण व अंतर यांची. विहीर किती खोल खणावी लागते? घरासाठी व चुलीसाठी लाकूड जवळपास आहे काय? धान्य विकण्यास रेल्वेचे स्टेशन किती दूर आहे? झाडे नसलेल्या मैदानी प्रदेशात लोकांनी गवताळ मातीचे ठोकळे कापून घरे बांधली व वाळलेले शेण जाळले. म्हणजे लाकडाविना निभाव लागू शकतो, पाण्याविना लागत नाही.

चौथी कसोटी माहिती देणाऱ्याची. काउंटीचे मुख्य ठिकाण बॉइसी सिटी १९०८ साली वसवण्यात आले, तेव्हा भूखंड विकणाऱ्यांनी वृक्षांनी नटलेल्या पक्क्या रस्त्यांचे वर्णन करणारी पत्रके वाटली. खरेदीदार आले तेव्हा तेथे उघड्या माळाखेरीज काही नव्हते. टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल विक्रेत्यांस शिक्षा झाली. जमीन विकणाराच तिचा गुणगान करीत असेल, तर ते वर्णन स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहावे आणि तेथे दुष्काळ काढलेल्या शेजाऱ्यास विचारावे.

ह्या कसोट्यांकडे दुर्लक्ष केल्यास काय होते? पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला, ट्रॅक्टर आले, १९२० नंतरच्या दशकात पाऊसही बरा झाला. काउंटीची लोकसंख्या १९३० साली ५,४०८ झाली. त्यानंतर भाव कोसळले आणि पाऊस हटला. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी मातीची प्रचंड काळी भिंत ह्या प्रदेशावरून सरकत गेली व भरदिवसा अंधार झाला. त्याच महिन्यात मृदसंधारणाची राष्ट्रीय यंत्रणा कायद्याने स्थापन झाली. १९४० च्या जनगणनेत काउंटीत ३,६५४ माणसे उरली होती. सरकारने विकत घेतलेल्या पडीक शेतांपैकी काही आज राष्ट्रीय गवताळ प्रदेशाचा भाग आहेत. पुढे खोल भूजल उपसून सिंचन आले. परंतु ओगलाला ह्या विशाल भूजलसाठ्याची पातळी अनेक ठिकाणी घटत चालली आहे.

सिमरॉन काउंटी वाईट होती असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. हजारो एकरांवर गुरे चारणाऱ्यास ती चांगलीच होती व आहे. १६० एकरांत गहू पिकवू पाहणाऱ्या कुटुंबास ती मानवली नाही. तात्पर्य, 'हा प्रदेश चांगला आहे काय?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कामासाठी, किती जमिनीवर आणि सर्वांत वाईट वर्षी, ही तीन पदे जोडल्यावरच त्याचे उत्तर मिळते. १९७६ साली संघीय कायद्याने होमस्टेड पद्धत रद्द झाली. अलास्कात ती १९८६ पर्यंत चालू होती. फुकट जमिनीचे युग संपले, तरी जमीन शोधणाऱ्याचा हा प्रश्न संपलेला नाही.