संथागारापासून संविधानापर्यंत



'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आता आपल्या पुष्कळ घरांत आहे. वर्षावासात त्याचे वाचनही होते. त्याच्या अगदी आरंभी पूज्य बाबासाहेबांनी एक गोष्ट सांगितली आहे, पण आपण ती वाचतो आणि पुढे जातो. शाक्यांच्या राज्यात वंशपरंपरेने चालणारा राजा नव्हता. तेथे गणराज्य होते. अनेक राजघराणी होती, ती पाळीपाळीने कारभार पाहात, आणि ज्याची पाळी असेल त्याला 'राजा' म्हणत. सिद्धार्थाच्या जन्माच्या वेळी ती पाळी शुद्धोदनाची होती.

अभ्यासवर्गात हा भाग आला की कोणीतरी हमखास विचारतो, "गुरुजी, मग कॅलेंडरवर शुद्धोदन मुकुट घालून सिंहासनावर बसलेला दाखवतात तो?" चित्रकाराला राजा म्हटला की मुकुट दिसतो, त्याला इलाज नाही. विनयपिटकात मात्र भगवंतांच्या हयातीतच भद्दिय नावाच्या दुसऱ्याच शाक्याला शाक्यांचा राजा म्हटले आहे. हा भद्दिय शुद्धोदनाचा मुलगा नव्हे. राजेपद बापाकडून मुलाकडे जात नव्हते, एवढे यावरून समजते.

आता 'गणराज्य' किंवा 'प्रजासत्ताक' या शब्दाचा अर्थ नीट पाहू. शाळेत मुलांना विचारले की १५ ऑगस्टला काय झाले, तर ती एका सुरात सांगतात, इंग्रज गेले. २६ जानेवारीला काय झाले म्हटले की बहुतेक गप्प. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही कायद्याच्या दृष्टीने इंग्लंडचा राजा हाच आपला राजा होता. २६ जानेवारी १९५० पासून तो राहिला नाही. तेव्हापासून आपल्या देशाचा प्रमुख निवडून दिलेला असतो. इंग्लंडमध्ये निवडणुका होतात, पार्लमेंट आहे, लोकशाही आहे. पण राजघराणे आजही आहे, म्हणून ते प्रजासत्ताक नाही. एवढी व्याख्या परीक्षेला पुरते. परंतु राजा नसला म्हणजे सगळे झाले काय?

याचे उत्तर भद्दसाल जातकाच्या कथेत सापडते. शाक्यांचे एक सभागृह होते, त्याला संथागार म्हणत. गणाचा विचारविनिमय तेथे चाले. कोसलचा राजा प्रसेनजित याने शाक्यांकडे एका कन्येची मागणी केली. नाही म्हणावे तर तो बलाढ्य. हो म्हणावे तर कुळ बाटते. मग महानाम शाक्याने दासीच्या पोटी झालेली आपली मुलगी वासभखत्तिया हिला शाक्यकन्या म्हणून पाठवून दिले. तिचा मुलगा विडूडभ. तो सोळा वर्षांचा झाल्यावर आजोळी कपिलवस्तूस आला. त्याला संथागारात आसन दिले, वरवर आदरही केला. तो निघून गेल्यावर एका दासीने तो बसला होता ते आसन दुधापाण्याने धुतले, आणि धुताना ती म्हणत होती की दासीचा पोरगा येथे बसला होता. विडूडभाचा एक माणूस विसरलेले शस्त्र घ्यायला परत आला होता. त्याने ते ऐकले. पुढे विडूडभाने शाक्यांचा संहार केला.

या कथेतले दोन तपशील विसरू नका. जे आसन धुतले गेले ते कोणाच्या घरचे नव्हते, गणराज्याच्या सभागृहातले होते. आणि ते धुवायला जिला लावले तीही दासीच होती.

त्याच जातकात वैशालीच्या लिच्छवींच्या पुष्करिणीचाही उल्लेख आहे. लिच्छवींचे गणराज्य शाक्यांपेक्षा मोठे. जातकांत त्यांच्या राजांची संख्या ७७०७ सांगतात. त्या राजकुळांच्या अभिषेकासाठी एक तळे होते. त्याच्याभोवती पहारा, आणि वर लोखंडी जाळे, पाखरूसुद्धा आत उतरू नये म्हणून. बंधुल मल्लाच्या पत्नीला त्या तळ्यात स्नान करण्याचे डोहाळे लागले, तेव्हा बंधुलाला पहारेकऱ्यांना हाकलून व जाळे तोडून आत जावे लागले. २० मार्च १९२७ रोजी महाडला काय घडले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तळ्याबद्दल अधिक सांगावयास नको. सात हजार राजे असलेल्या राज्यातही तळ्याला जाळे होते.

म्हणून प्राचीन गणराज्यांचा अभिमान बाळगताना थोडे सावध राहावे असे मला वाटते. भगवंतांनी वज्जींची स्तुती केली हे खरे आहे. अजातशत्रूचा मंत्री वस्सकार गृध्रकूटावर आला, तेव्हा भगवंतांनी आनंदाला सात गोष्टी विचारल्या. वज्जी वारंवार सभा भरवतात काय, एकजुटीने जमतात व एकजुटीने उठतात काय, ठरलेले नियम मोडत नाहीत ना, वडीलधाऱ्यांचे ऐकतात काय, कुलस्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत ना, चैत्यांचा मान राखतात काय, अर्हतांचे रक्षण करतात काय. जोवर हे चालू आहे तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे त्यांनी सांगितले. वस्सकार काय समजला? तो समजला की युद्धाने हे लोक हाती लागणार नाहीत, त्यांच्यात फूट पाडली पाहिजे. पुढे तसेच झाले. परंतु त्या सभेत दास आणि कर्मकर बसत नव्हते, हेही तितकेच खरे.

भगवंतांनी गणाची पद्धत घेतली आणि गणाचा गर्व टाकला. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद वगैरे शाक्य कुमार अनुपिया येथे प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्याबरोबर होता. आम्हा शाक्यांना फार अभिमान आहे, तेव्हा प्रथम उपालीला दीक्षा द्यावी म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल, असे त्यांनी स्वतःच सांगितले. तसेच केले गेले. ज्याला शाक्यांच्या संथागारात आसन मिळाले नसते, त्याच्यापुढे शाक्यांचा राजा वाकला.

संघाचे कामकाजही पाहण्यासारखे आहे. ठराव मांडावयाचा त्याला ज्ञप्ती म्हणत. महत्त्वाच्या बाबतीत तो तीनदा उच्चारीत. कोणी हरकत घेतली नाही तर मंजूर. उपसंपदेसाठी मध्यदेशात किमान दहा भिक्षू हजर हवेत, सीमेवरच्या प्रदेशात पाच. आजारी भिक्षू आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवू शके. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मते मोजत. काड्या वाटणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा लागे. गुप्त मतदानही होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी हेच सांगितले, की भारताला संसदीय पद्धत अपरिचित नव्हती. भिक्षुसंघ तिचे नियम पाळीत होता, आणि मध्यंतरी आपण ती गमावून बसलो.

येथे एक अडचणीची गोष्टही सांगतो, कारण कोणी विचारले तर आपल्याला उत्तर देता आले पाहिजे. मालकाने मुक्त न केलेल्या दासाला प्रव्रज्या देऊ नये, असा विनयाचा नियम आहे. संघात आल्यावर जात गळून पडे. परंतु संघाबाहेर दासावर मालकाचा हक्क चाले, आणि तो राजाचा कायदा होता. संघाच्या ठरावाने तो बदलत नव्हता. त्यासाठी राज्याचाच कायदा बदलावा लागतो.

जवळपास भगवंतांच्याच काळात, पण फार दूर, इटलीतील रोम शहरात लोकांनी आपला राजा हाकलून दिला. रोमन परंपरा त्याचे साल इ.स.पू. ५०९ देते. राजाऐवजी त्यांनी दोन कॉन्सल नेमले, तेही एकाच वर्षासाठी, म्हणजे कोणी डोक्यावर बसू नये. तरी सत्ता सरदार घराण्यांकडेच राहिली. कर्ज फिटले नाही तर गरीब माणूस सावकाराच्या घरी बांधला जाई. तेव्हा, परंपरेप्रमाणे इ.स.पू. ४९४ मध्ये, सामान्य लोक शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. लढायला कोणी नाही, राबायला कोणी नाही. सरदारांना नमते घ्यावे लागले, आणि लोकांना आपले ट्रिब्यून निवडण्याचा हक्क मिळाला. अधिकाऱ्याचा हुकूम ट्रिब्यून 'मना आहे' म्हणून थांबवू शके. कर्जापायी माणूस बांधून घेण्याची चाल इ.स.पू. ३२६ मध्ये बंद झाली. आपल्याकडे वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा आहे, हे जाता जाता ध्यानात घ्या. पुढे सुमारे दोन हजार वर्षांनी इटलीच्याच मॅकियाव्हेलीने लिहिले की रोमचे स्वातंत्र्य टिकले ते या भांडणामुळे. वज्जींची एकी आणि रोमचे भांडण, दोन्हींतून शिकण्यासारखे आहे. भांडण सभेत झाले तर राज्य टिकते, वस्सकाराच्या कानात झाले तर बुडते.

रोमच्या विचारवंतांनी जगाला एक फार मोलाची कल्पना दिली. सिसेरो म्हणतो की स्वातंत्र्य चांगला धनी मिळण्यात नाही, धनीच नसण्यात आहे. हे नीट समजून घेतले पाहिजे. माझे आजोबा गावच्या पाटलाचे गुण गात. पाटील दयाळू होता, न मागता पायली दोन पायली जास्त घाली, अंगावर कधी हात टाकला नाही. पण लेकीच्या घरी जायचे तरी आजोबा आधी वाड्यावर विचारून येत, आणि विचारण्यापूर्वी पाटलाचा चेहरा पाहात. मारणे झाले नाही हे पाटलाच्या मर्जीवर; उद्या मर्जी फिरली तर? ज्याचे सुख दुसऱ्याच्या मर्जीवर आहे तो मार न खाताही दास आहे, हा रोमन विचार. महार वतनाचे वर्म यातच होते. जमिनीचा तुकडा आणि बलुते यांच्या बदल्यात दिवसरात्र, कोणत्याही कामाला, सरकारच्या व गावाच्या हुकमाखाली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतनासंबंधी बिल मांडले, तेव्हा आपल्यातलेच काही लोक वतन सुटेल म्हणून घाबरले होते. शेवटी कनिष्ठ गाव वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने.

सिसेरोचे काय? त्याचा लेखनिक टिरो हा त्याचाच गुलाम होता. पुढे त्याने त्याला मुक्त केले, पण इतर गुलाम होतेच. एवढा मोठा विचार मांडणाऱ्याला तो आपल्या घरच्या गुलामालाही लागू आहे हे दिसले नाही. संथागारातले आसन रोममध्येही धुतले जातच होते.

आधुनिक काळात हीच गोष्ट पुन्हा घडली. टॉमस पेन या लेखकाने १७९१ साली मानवी हक्कांवरील ग्रंथात वंशपरंपरेच्या सत्तेची टर उडवली. गणिती जसा जन्माने होत नाही तसा कायदा करणाराही जन्माने होत नाही, असा त्याचा मुद्दा. महात्मा जोतिराव फुल्यांनी हा ग्रंथ वाचला होता, आणि राजाच्या मुलाबद्दलचा तो मुद्दा भटजीच्या मुलालाही लागू पडतो हे ओळखायला त्यांना वेळ लागला नसेल. भगवंतांनी तर स्वतःचा मुलगा राहुल यालाही संघाचा प्रमुख केले नाही. सारिपुत्त-मोग्गल्लानांनाही नाही. आपल्यामागे धम्म व विनय हाच तुमचा शास्ता, असे ते सांगून गेले.

अमेरिकेने राजा टाकला, पण १७८७ च्या तिच्या संविधानात प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणूस तीन पंचमांश मोजला. फ्रान्सने स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा जयघोष केला, आणि समुद्रापलीकडच्या त्याच्या सेंट डोमिंग या वसाहतीत लाखो आफ्रिकन गुलाम उसाच्या मळ्यांत राबत राहिले. त्या गुलामांनी तीन शब्द ऐकले आणि खरे मानले. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बंड केले. १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०१ च्या अखेरीस ती परत आणण्यासाठी फौज पाठवली. बंडाचा नेता तुसां लुव्हेर्त्युर, स्वतः एकेकाळचा गुलाम, फ्रान्सच्या तुरुंगात १८०३ मध्ये मेला. तरी लोक हरले नाहीत, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती देश स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने त्या देशाकडून मळेवाल्यांच्या नुकसानीबद्दल पंधरा कोटी फ्रँक मागितले. नुकसानीत काय काय धरले होते? स्वतः ती माणसेसुद्धा.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये गेली. जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना. हजारो मैलांवरच्या त्या घटनेत पुण्यातल्या माळ्याला आपला प्रश्न दिसला.

बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली. वर पाहिलेला इतिहास डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे या बोलण्यातले मर्म कळते. रोम, अमेरिका, फ्रान्स यांनी धनी घालवला, पण उपालीला वंदन करावयास कोणी शिकवले नाही. म्हणून आपल्या संविधानात प्रत्येक प्रौढ माणसाला मत आहे, आणि त्याबरोबर अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलमही आहे. आसन देणारा कायदा आणि ते धुण्यास बंदी घालणारा कायदा, असे दोन्ही लागतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी आणखीही एक इशारा दिला. माणूस कितीही मोठा असो, त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य ठेवू नका. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते.

हे आपल्या विहार समितीलाही लागू आहे, आणि मी ते मुद्दाम लिहितो. काही ठिकाणी अध्यक्ष एकाच घरातला, त्याच्यानंतर त्याचा मुलगा, हिशेब त्यांच्याच पेटीत, आणि भगिनींना सभेचा निरोप नाही. बोलावले तर चहापुरते. राग मानू नका. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर सात अपरिहानीय धम्माचा भाग मोठ्याने वाचा. मग गेल्या वर्षी आपल्या समितीच्या सभा किती झाल्या, इतिवृत्ताची वही कोणाकडे आहे, आणि त्या सभांना कोण कोण बसले होते, ते विचारा. वही सापडली नाही तर त्याच दिवशी नवी घाला, आणि पहिले इतिवृत्त एखाद्या शिकलेल्या मुलीला लिहायला सांगा.