मंडळींतील सेवेच्या पाळ्या : वही केव्हां सोडावी ?

रविवारीं आपण उपासनेस जातों तेव्हां दार उघडलेलें असतें, गीतपुस्तकें जागच्या जागीं असतात, शास्त्रपाठ वाचणारा वेळेवर उभा राहतो व शब्बाथशाळेच्या वर्गांत शिक्षक हजर असतो. हें सारें आपोआप होतें असें वाटतें. परंतु त्यासाठीं कोणीतरी शनिवारीं रात्रीं उशिरापर्यंत फोन करीत बसलेलें असतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळ जण आपापल्या मंडळींत असलीं कामें करितात, आणि त्यांचे आईबाप तर त्याहून अधिक करितात. म्हणून या पाळ्या लावण्याचें काम वहींतून काढून संगणकाकडे केव्हां सोंपवावें, या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

पाळ्या लावणें ही नवी युक्ति नव्हे. पहिला इतिहास या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायांत याजकांचे २४ वर्ग चिठ्ठ्या टाकून ठरविल्याचें वर्णन आहे. लूकाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं जखऱ्या मंदिरांत जी सेवा करीत होता, ती अबीयाच्या वर्गाच्या पाळीची होती. योसेफस हा यहूदी इतिहासकार सांगतो कीं, एका वर्गाची पाळी शब्बाथापासून शब्बाथापर्यंत असे. असलें सरळ पत्रक तोंडपाठही ठेवितां येई.

आतां आपल्या एखाद्या मध्यम मंडळीचें गणित करून पाहा. दर रविवारीं वाचक २, दाराशीं स्वागत करणारे ४, अर्पण गोळा करून मोजणारे ३, शब्बाथशाळेचे शिक्षक ३, ध्वनिक्षेपकावर १ व चहापाण्यास २, अशीं १५ माणसें लागतात असें धरा. वर्षाच्या ५२ रविवारांच्या ७८० पाळ्या झाल्या. सेवा करणारे ४५ असले, तर प्रत्येकाची पाळी सुमारें तीन आठवड्यांनीं येते. येथपर्यंत वही पुरते. परंतु माणसें अंकांसारखीं बसत नाहींत. कोणी परिचारिका आहे, तिला रात्रपाळी असते. कोणाची मार्चमध्यें परीक्षा. कोणी मे महिन्यांत गांवीं जातो. शिवाय जी मुलगी गायनांत चांगली, तिलाच शब्बाथशाळेच्या प्रमुखबाईही मागतात, आणि दोघां प्रमुखांच्या याद्या निरनिराळ्या !

आमच्या परिचयाच्या एका मंडळींत ही वही एका वृद्ध चिटणीसबाईंजवळ असे. कोणाची सासू अंथरुणास खिळली आहे, कोणास किती वेळां सांगितलें म्हणजे राग येतो, हें सारें वहींत नसून त्यांच्या डोक्यांत होतें. एका वर्षीं त्या रुग्णालयांत दाखल झाल्या. पुनरुत्थानाच्या रविवारीं एकाच पाठासाठीं दोन वाचक उठले, आणि बालवर्गापुढें कोणीच नव्हतें. वही सांपडली होती, पण त्यांतील खुणा कोणास वाचतां येईनात.

असल्या अडचणीसाठींच सॉफ्टवेअर निघालें आहे. अमेरिकेंत २००६ सालीं सुरू झालेलें ‘प्लॅनिंग सेंटर’ हें त्यांतील एक प्रसिद्ध होय. त्यांत प्रत्येक सेवक आपल्या गैरसोयीच्या तारखा आधींच नोंदवितो. पाळी लावली कीं त्यास निरोप जातो. तो होय अगर नाहीं कळवितो. नकार आला तर प्रमुखास तो तत्काळ दिसतो. एकाच वेळीं एकाच माणसास दोन ठिकाणीं नेमलें तर इशारा मिळतो. या वर्षांत कोणी किती वेळां सेवा केली, हेंही समजतें. आणि आमच्या मतें हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग, कारण थकलेला मनुष्य बहुधा बोलत नाहीं.

मग तें केव्हां घ्यावें ? सभासदांची संख्या पाहून ठरवूं नये. पाळ्यांची माहिती एकाच्याच डोक्यांत असेल, दोन प्रमुख एकाच माणसास वारंवार ओढीत असतील, नकार रविवारीं सकाळींच कळत असेल, तर वेळ आली असें समजावें. उलट, माणसेंच मिळत नाहींत म्हणून जी पंचकमिटी सॉफ्टवेअर घेते, तिची निराशा ठरलेली. पंधरा जागांस आठच माणसें असलीं, तर यंत्र त्याच आठांचीं नांवें सुबक रीतीनें पुन्हां पुन्हां मांडील. नवीन माणसास विचारावयाचें तर पाळकांनीं किंवा पंचांनीं त्याच्या घरींच गेलें पाहिजे. शिवाय वर्गणी कोण भरणार आणि यादी दर आठवड्यास कोण तपासणार, हेंही आधीं ठरवावें.

प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ६, यांत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणींत उपेक्षा होते अशी कुरकुर झाली, तेव्हां प्रथम सात माणसें निवडलीं गेलीं. वरील मंडळीनें उलट केलें. घाईनें सॉफ्टवेअर आणिलें आणि सर्व पाळ्या त्यावर टाकिल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारीं वेदीवर फुलें मांडणाऱ्या एका विधवाबाईंजवळ स्मार्टफोन नव्हता. त्यांचें नांव कोणीं घातलेंच नाहीं. निरोप आला नाहीं, तेव्हां आपली गरज उरली नाहीं असें समजून त्या घरीं राहिल्या. पत्रकांत सर्व जागा भरलेल्या दिसत होत्या, म्हणून दोन महिने कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

पालकांस एक सूचना. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यांत १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानिलें असून, तिची माहिती वापरण्यास आईबापांची अगर कायदेशीर पालकाची संमति सांगितली आहे. मुलाचें नांव अशा यादींत घालावयाचें झाल्यास ती आधीं मागावी, व निरोप मुलाच्या नव्हे तर पालकाच्या फोनवर जावा.

त्या मंडळीनें पुढें मोडून पुन्हां मांडलें. तीन महिने केवळ गायकवृंदाच्या पाळ्या संगणकावर ठेविल्या. मग शब्बाथशाळेच्या घेतल्या. महिन्याचें पत्रक मोठ्या अक्षरांत छापून दाराशीं लावितात. फुलें मांडणाऱ्या बाईंकडे चिठ्ठी घेऊन जाण्याचें काम नववींतील एका मुलाकडे आहे, आणि त्याची ही पाळीही पत्रकांत नोंदलेली असते.