दमाची कमाई

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची दीर्घ पल्ल्याची शर्यत. तीत नुसता वेग कामास येत नाही. अखेरपर्यंत पुरणारा दम लागतो. हा दम कसा कमवावा, हे चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याने जगास दाखविले.

झाटोपेक तरुणपणी जोड्यांच्या कारखान्यात कामास होता. पुढे तो सैन्यात गेला. त्याच्या सरावाची रीत निराळी होती. ४०० मीटर जोराने धावावयाचे, मग थोडे अंतर सावकाश धावून श्वास सावरावयाचा आणि पुन्हा जोर करावयाचा, असे तो दिवसातून कित्येक वेळा करी. या सरावास ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणतात. त्याने हृदय बळकट होते व श्रम सोसण्याची शक्ती हळूहळू वाढते.

१९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत १०,००० व ५,००० मीटरांच्या शर्यती जिंकून झाटोपेक मॅरेथॉनसाठी उभा राहिला. ही शर्यत तो पूर्वी कधीच धावला नव्हता! इंग्लंडचा नामांकित धावपटू जिम पीटर्स आरंभी भरवेगाने पुढे गेला. झाटोपेकने त्यास गाठून विचारले, “आपला वेग ठीक आहे ना?” वेग कमीच आहे, असे पीटर्सने सांगितले. परंतु पुढे पीटर्सलाच शर्यत सोडावी लागली. झाटोपेक मात्र २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत पहिला आला.

आठ दिवसांत तीन सुवर्णपदके! लोकांनी पाहिला तो त्याचा विजय. त्यामागील दम मात्र त्याने वर्षानुवर्षे साठविला होता. थेंबे थेंबे तळे साचते, ते असे.